जुन्या आवाजाचा पत्ता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या कंपनीचे मोठे साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे हातातली कामं टाकून इथे जमलो आहोत त्या आजच्या सत्कारमूर्ती, या कंपनीतले लहानथोर सहकारी, खुर्ची न मिळाल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभी असलेली आणि म्हणून माझं भाषण लवकर संपावं अशी मनोमन इच्छा करणारी मंडळी, आणि पहिल्या रांगेत बसून, मी तोंड उघडण्याआधीच काहीतरी चुकलो आहे अशा नजरेनं माझ्याकडे बघणाऱ्या आमच्या सौभाग्यवती, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आधी एक खुलासा करतो, म्हणजे नव्या पाहुण्यांचा गोंधळ व्हायला नको. मी उभा आहे, हातवारे करतो आहे, पण बोलतंय ते माझ्या गळ्यात अडकवलेलं हे यंत्र. माझा स्वतःचा कंठ डॉक्टरांनी काढून घेतला त्याला बरीच वर्षं झाली. मी टाइप करतो, हे बोलतं. भाषण घरी बसून आधीच भरून ठेवलंय, शेवटचा तुकडा तेवढा इथे पोचल्यावर भरला. मध्येच मी गप्प झालो तर समजा की काहीतरी आगाऊ सुचलंय आणि ते मी टाइप करतोय. आणि टाळ्या वाजवायच्या असतील तर जरूर वाजवा, फक्त मला थांबायचं बटण दाबायला थोडा वेळ द्या.

आणखी एक. मी या कंपनीचा नोकर नाही, भागीदार नाही, नातेवाईक नाही. मी गिऱ्हाईक आहे. निरोप समारंभात गिऱ्हाइकाला बोलावणारी कंपनी तुम्ही दुसरी पाहिली आहे का? मी तरी पाहिलेली नाही.

मी फळबाजारात लिलाव पुकारायचो. आता सांगून खरं वाटणार नाही, पण माझा आवाज बाजाराच्या या फाटकापासून त्या फाटकापर्यंत जायचा. भोंगा नाही, काही नाही. लोक पेट्यांकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघायचे. तो आवाज गेला तेव्हा मी किती रडलो हे सांगायला मी इथे आलेलो नाही. रडलो, एवढं खरं. मग हे यंत्र आलं. या कंपनीचं. त्यातून जो आवाज आला तो, खरं सांगू का, काही फार भारी नव्हता. थोडा नाकात, थोडा खरखरीत. आणि त्याला एक खोड होती. 'नाही' म्हणायच्या आधी तो क्षणभर अडखळायचा. ऐका. नाही. ऐकलंत? आमच्या सौभाग्यवतींनी ही खोड दोन दिवसांत पकडली. तो अडखळला की तिला कळायचं, आता नकार येणार. मग माझा नकार बाहेर पडायच्या आत तिचं उत्तर तयार. बाजारात माझ्यापुढे कुणाची टाप नव्हती, आणि घरात मी प्रत्येक लिलाव हरायला लागलो.

असो. सत्कारमूर्तींकडे येतो.

या बाईंना तुम्ही सगळे बिल्डवाल्या मॅडम म्हणता. मी जोडणीबाई म्हणतो आणि त्या रागावत नाहीत. त्यांचं काम काय, हे मला आठदहा वेळा चहा पिऊन समजलंय, ते तुम्हाला एका दमात सांगतो. चुकलो तर त्या समोर बसल्याच आहेत. प्रोग्राम म्हणजे एक अखंड ठोकळा नव्हे. काही भाग इथली माणसं लिहितात, काही तयार भाग घेतलेले असतात. या तयार भागांच्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. माझ्या यंत्राचा आवाज हीसुद्धा अशीच एक लायब्ररी. हे सगळे भाग एकत्र जोडून यंत्रात घालण्याजोगा प्रोग्राम तयार करायचा, ज्याला तुम्ही बिल्ड म्हणता, ते काम बाईंचं. आता जोडणारा संगणक या लायब्रऱ्या कुठून आणतो? तर एका ठरलेल्या जागेवरून. त्या जागी जे असेल ते उचलतो. आमच्या बाजारात एक हमाल असाच होता. पेटी आण म्हटलं की पहिल्या गोदामातली पहिली पेटी. आत काय आहे हे त्यानं जन्मात कधी बघितलं नाही.

तर झालं असं, की माझ्या यंत्राच्या जुन्या प्रोग्रामात एक दोष निघाला. यंत्र मध्येच मुकं व्हायचं. एकदा मी जिन्यात घसरलो, पाय मुडपला, उठता येईना. 'अगं ये' म्हणून बटण दाबलं, आणि यंत्र गप्प. दाबतोय, दाबतोय, आणि ते ढिम्म. ही स्वयंपाकघरात, मी जिन्यात. शेवटी चप्पल काढून कठड्यावर आपटली तेव्हा बाईसाहेब बाहेर आल्या. ही गोष्ट कंपनीला कळवली. त्यांनी तत्परतेनं नवा प्रोग्राम दिला, दोष गेला, यंत्र मुकं व्हायचं थांबलं. त्याबद्दल कंपनीचे आभार मानले पाहिजेत आणि मी मानतो.

पण त्या ठरलेल्या जागी दरम्यान नवा आवाज आला होता. त्याच नावानं. त्यामुळे नव्या प्रोग्रामाबरोबर मला नवा आवाजही मिळाला. आणि काय आवाज म्हणता! स्वच्छ, घोटीव, कुठे अडखळणं नाही. मी 'टॉवेल कुठे आहे' असं विचारलं तरी वाटावं की पाठोपाठ हवामानाचा अंदाज येणार.

पहिल्या दिवशी मी खूश होतो. घरी गेलो आणि नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

"खिडकी उघडी का ठेवलीस?"

ही म्हणाली, "चुकलं हो. लावते."

चुकलं? मंडळी, आमच्या अख्ख्या संसारात हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. मी म्हटलं, तब्येत बरी नसेल. संध्याकाळी चहात साखर कमी म्हणून कुरकुर केली. "देते हं," म्हणाली, आणि डबा आणून समोर ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. घरात अशी शांतता की घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. शेजारच्या वहिनी येऊन विचारून गेल्या, काही बरंवाईट झालं नाही ना? तुम्ही म्हणाल, नशीबवान माणूस. अध्यक्ष महोदय हसताहेत. हसा, साहेब, पण त्या घरात राहून बघा.

शेवटी मी तिच्यासमोर बसलो आणि टाइप केलं, "काय झालंय? माझ्याशी भांडत का नाहीस?"

ती म्हणाली, "परक्या माणसापुढे तोंड वाजवायची मला लाज वाटते हो."

आणि तिचे डोळे भरले. मी तुम्हाला खरं सांगतो, ऑपरेशनच्या टेबलावर मला झोपवलं तेव्हा मी घाबरलो नव्हतो इतका मी त्या क्षणी घाबरलो. कंठ गेला तेव्हा माझा आवाज गेला होता. आता बायको चालली होती, आणि तीसुद्धा समोरच्या खुर्चीत बसून.

दुसऱ्या दिवशी मी या इमारतीत हजर. खालच्या काउंटरवरच्या ताईंनी सांगितलं, नवा आवाज सगळ्यांना आवडलाय, तुम्हालाही सवय होईल. दुरुस्ती विभागानं सांगितलं, जुना प्रोग्राम हवा असेल तर परत घालून देतो, पण मग यंत्र पुन्हा मुकं होईल. म्हणजे एक तर जिन्यात मरा, नाही तर घरात. मी तिथे जो काही तमाशा केला तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला आहे. घोटीव आवाजात भांडणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी शिव्या द्याव्यात आणि लोकांना वाटावं की माणूस सूचना वाचतोय! शेवटी कंटाळून कुणीतरी म्हणालं, यांना वर बिल्डवाल्या मॅडमकडे पाठवा.

वरची ती खोली तुम्ही पाहिली आहे. टेबलावर माझ्या यंत्राची दहाबारा भावंडं ओळीनं मांडलेली, सगळीकडे वायरी, पंख्याची घरघर, आणि कान तुटलेल्या कपात पेनं. बाईंनी मला बसवलं. मी कैफियत मांडली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही 'सवय होईल' म्हणाल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "जुना आवाज माझ्याकडे आहे. मी काही पुसत नाही. प्रत्येक जुनी लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. इथले लोक त्याला अडगळ म्हणतात. प्रश्न एवढाच आहे, की नव्या प्रोग्रामला ठरलेली जागा सोडून तिकडे बघायला लावायचं."

"म्हणजे नवं यंत्र, जुना आवाज?" मी विचारलं.

"नवा प्रोग्राम, जुना आवाज. बसा. चहा घेता?"

त्यांनी जोडणीच्या सूचनांमध्ये पत्ता बदलला, पुन्हा सगळं जोडलं, माझं यंत्र वायरीनं स्वतःच्या संगणकाला लावलं आणि म्हणाल्या, बोला. मी बोललो. आणि आला! तोच नाकातला, तोच खरखरीत. माझा जीव भांड्यात पडला. मी रस्ताभर गप्प राहिलो, आवाज घरच्यासाठी राखून ठेवला. दारात उभं राहून ऐटीत बटण दाबलं, "आलो गं!"

आणि आला तो हवामानाचा अंदाज.

आतून उत्तर आलं, "या. पाणी देऊ का?"

सकाळी मी पुन्हा बाईंच्या दारात. बाईंनी यंत्र उघडून पाहिलं, दोन मिनिटं पडद्याकडे बघत राहिल्या आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "अहो, माझंच चुकलं. प्रोग्राम लायब्ररी दोनदा शोधतो. एकदा जोडताना आणि एकदा यंत्र सुरू होताना. जोडतानाचा पत्ता मी दिला, सुरू होतानाचा द्यायचा राहिला. इथे वायर लावलेली होती तोवर तो माझ्या संगणकातल्या फोल्डरमधून आवाज घेत होता. वायर काढली, तुम्ही घरी गेलात, आणि तो आपला निघाला ठरलेल्या जागी! इतकी वर्षं दुसऱ्यांना हीच चूक दाखवून देते मी."

आणि हसल्या. इतक्या मोकळेपणानं स्वतःवर हसणारा माणूस मी ऑफिसात दुसरा बघितला नाही. आमच्या बाजारात तर नाहीच नाही. तिथे पेटी नासकी निघाली तर दोष उन्हाचा.

पण आता अडचण वेगळी आली. सुरू होतानाचा पत्ता यंत्रातच पक्का करायचा, जुना आवाज यंत्रात वेगळ्या जागी ठेवायचा, म्हणजे हे एका टेबलावरचं काम उरलं नाही. परवानगी हवी. आणि परवानगी देणारे होते आजचे आपले अध्यक्ष. साहेब, मी आधीच माफी मागून ठेवतो.

साहेबांनी मला, सौभाग्यवतींना आणि बाईंना खोलीत बसवून फार सभ्यपणे सांगितलं, की एका गिऱ्हाइकासाठी वेगळा प्रोग्राम सांभाळणं कंपनीला परवडत नाही, आणि शिवाय जुन्या लायब्रऱ्यांची ती अडगळ या महिन्यात साफ करायचीच ठरली आहे. नवा आवाज सगळ्या चाचण्यांत उजवा ठरलाय. मग त्यांनी एक असा मुद्दा काढला की माझी बोलतीच बंद झाली. म्हणाले, "काकू, राग मानू नका, पण तो जुना आवाजसुद्धा काकांचा नव्हताच. तोही यंत्राचाच. मग फरक काय?"

खरं आहे की नाही? मी नुसता बटणांवर बोटं ठेवून बसलो.

ही म्हणाली, "साहेब, आवाज चांगला आहे. बातम्या द्यायला ठेवा. यांचा खरा आवाज गेला तेव्हा मी कुणाला न दाखवता रडून घेतलं. मग तो दुसरा आला. तोही परकाच होता. त्याच्याशी रोज भांडून भांडून मी त्याला घरचा केला. आता पुन्हा पहिल्यापासून? माझं वय आहे का ते?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग बाईंकडे वळून विचारलं, "एकासाठी नको. ज्याला हवा त्याला घेता येईल, असं करता येईल का?"

बाई म्हणाल्या, "येईल. एक ओळ लागेल."

ती ओळ त्यांनी जोडणीच्या सूचनांत घातली. तिथे पत्ता दिला तर आवाज त्या पत्त्यावरून यायचा, रिकामी ठेवली तर नेहमीच्या जागेवरून. आणि एक अट आणखी घातली, ती मला फार आवडली. दिलेल्या पत्त्यावर लायब्ररी सापडली नाही तर जोडणी तिथेच थांबली पाहिजे आणि तसं ओरडून सांगितलं पाहिजे. गुपचूप दुसरंच काहीतरी उचलून आणायचं नाही. अडगळ वाचली. पुढे कळलं, की जुना आवाज मागणारे माझ्यासारखे कितीतरी होते. बिचारे सवय व्हायची वाट बघत गप्प बसले होते.

आणि मी घरी गेलो. दारात उभा राहिलो. या वेळी ऐट नव्हती. बटण दाबलं. "आलो गं."

जुनाच आवाज.

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग, "एवढा उशीर? कुठे होतात? आणि ते पायपुसणं काय मी शोभेला ठेवलंय? पाय पुसून या!"

मी दारातच बसकण मारली आणि रडलो. पाय काही पुसले नाहीत. त्यावरून ती रात्रीच्या जेवणापर्यंत बोलत होती.

थांबा. हे आत्ता टाइप करतोय. सौभाग्यवती खुणेनं सांगताहेत की घरातलं पुरे झालं. बरं.

तर अशा या आमच्या जोडणीबाई. आज त्या निवृत्त होताहेत. गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला आलो होतो. टेबल आवरणं चाललं होतं. मी गमतीनं म्हटलं, आता आराम करा. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आराम करीन हो. पण मला एक धास्ती आहे. मी गेल्यावर कुणीतरी साफसफाई करणार. वाईट हेतूनं नव्हे. ही ओळ कशाला आहे, कुणी वापरत नाही, असं वाटून काढून टाकणार. आणि एका सकाळी तुम्ही उठाल, बटण दाबाल, आणि काकू तुम्हाला पाणी देऊ का विचारतील."

मग त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. "मी जोडलेला शेवटचा प्रोग्राम यंत्रात आहे. यापुढे कितीही नवे आले तरी घेऊ नका. आहे त्यावर राहा." मी मान हलवली. ही तर तिथल्या तिथे म्हणाली, यांना मी हातही लावू देणार नाही.

घरी जाऊन मी बराच विचार केला. म्हटलं, या बाईंनी आयुष्यभर काम केलं ते काय याच्यासाठी? त्या गेल्या की सगळं जागच्या जागी गोठवून ठेवायचं, कुणी शिवायचं नाही, जणू काचेच्या कपाटातली वस्तू? आणि त्यांनी जाताना ती धास्ती बरोबर घेऊन जायची? मला ते पटेना. मी लिलाव पुकारणारा माणूस आहे. माल उघडून दाखवल्याशिवाय बोली लावायची नाही, एवढंच मला येतं.

बाईंचं काम आता ज्यांच्याकडे जातंय ते चष्मेवाले इंजिनिअर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. ते बघा, खाली बघायला लागले. बाई गेल्या आठवड्यात रजेवर होत्या, तेव्हा त्यांनी नवा प्रोग्राम जोडला. एकट्यानं. बाईंना न विचारता, कारण आता विचारायचं नाही असं ठरलं होतं. आज सकाळी तो आला. आणि मी, बाईंना दिलेलं वचन मोडून, बायकोला न सांगता, तो यंत्रात घातला.

मॅडम, मी व्यासपीठावर आल्यापासून तुम्ही जे ऐकताय, ती तुमची जोडणी नाही. सुरुवातीच्या नमस्कारापासून ती या इंजिनिअरची आहे. तुम्ही इतक्या जवळ बसला आहात, तुमच्याइतके तयार कान या सभागृहात कुणाचे नाहीत. तुम्हाला कळलं?

मीही सकाळी बटण दाबायला घाबरत होतो. शेवटी हिला जाऊन सांगितलं, की मी नवा प्रोग्राम घातला. मॅडम, ती माझ्यावर इतकी चिडली, इतकी चिडली, म्हणाली दिलेल्या शब्दाची काही चाड आहे का, डोकं फिरलंय का तुमचं, सोन्यासारखं चाललेलं कशाला ढवळायचं. बस चुकली आमची. इथे धापा टाकत पोचलो. वाटेतही बोलतच होती.

ती माझ्याशी भांडली, मॅडम. तुम्ही हात न लावलेल्या जोडणीशी.

या सुंदर कार्यक्रमाला मला बोलावलंत, एका गिऱ्हाइकाचं एवढं लांबलेलं बोलणं ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि मागे उभं राहून पाय दुखलेल्या मंडळींचे मी मनापासून आभार मानतो. उच्चार कुठे चुकले असतील तर ते यंत्राच्या नावावर टाका. कुणाला काही जास्त बोललो असेन तर ते माझ्या नावावर, आणि उदार मनानं सोडून द्या. वचन मोडल्याबद्दल मात्र मी क्षमा मागणार नाही.

मॅडम, निर्धास्त घरी जा.